हंसराज ओळखायचा तर पान उलटं करा

पाऊस लागून दोन-तीन आठवडे झाले की घाटरस्त्यासाठी कापलेल्या दरडी हिरव्या होतात. आधी शेवाळाचा पातळ थर येतो, मग त्यातून तेरड्याची रोपं डोकं काढतात आणि या सगळ्यांमधून नेचे झुलू लागतात. गाडीतून जाणारा माणूस त्या सगळ्या झुलत्या हिरवाईला ‘फर्न’ म्हणतो आणि पुढे जातो. खाली उतरून हातभर अंतरावरून पाहिलं, तर त्याच दरडीवर तीन-चार वेगवेगळे नेचे एकमेकांत मिसळून वाढलेले दिसतात. त्यातला एक, काळ्या तारेसारख्या देठाचा आणि अर्धगोल पर्णिकांचा, सह्याद्रीत फिरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने पाहिलेला असतो. तो हंसराज.

त्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅडिअँटम फिलिपेन्स. लिनियसने १७५३ साली ते दिलं. जुन्या भारतीय पुस्तकांत आणि आयुर्वेदाच्या औषधयाद्यांत मात्र हाच नेचा अ‍ॅडिअँटम ल्युन्युलेटम या नावाने भेटतो. हे नाव बर्मनने १७६८ साली ठेवलेलं. दोन्ही एकच, असं आज मानलं जातं. आधी दिलेलं नाव टिकवायचं या नियमाने फिलिपेन्स चालतं. या दोघांच्याही आधी, १६९३ साली निघालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’च्या बाराव्या आणि शेवटच्या खंडात मलबारच्या इतर वनस्पतींबरोबर याचंही चित्र आहे. मराठीत हंसराज हे नाव सर्वत्र चालतं. घोडखुरी असंही म्हणतात, आणि पर्णिकेचा आकार पाहिला तर ते जास्त नेमकं आहे. गोंधळ असा, की हंसराज हे नाव एकाच नेच्याला बांधलेलं नाही. काष्ठौषधींच्या दुकानात हंसराज म्हणून जी पुडी मिळते, तिच्यात याचा एखादा चुलतभाऊही असू शकतो. तेव्हा नाव कळलं म्हणजे ओळख पटली, असं इथे होत नाही.

ओळख सुरू होते ती जागेपासून. हंसराज जमिनीवरचा नेचा आहे. झाडाच्या खोडाला चिकटून ओकाच्या पानासारखी मोठी पानं काढणारं बाशिंग वेगळं, ते फांद्यांवर राहतं. हंसराजाला माती लागते, आणि तीही शक्यतो उभी किंवा तिरकी. पानझडी आणि निमसदाहरित रानातल्या पायवाटांच्या कडा, ओढ्यांचे काठ, कोकणातल्या जांभ्याच्या कापलेल्या भिंती, कारवीच्या सावलीतल्या उतरणी ही त्याची ठिकाणं. मुंबईच्या बोरिवलीच्या रानापासून माथेरान, लोणावळा, आंबोली आणि पुढे गोव्यापर्यंत पावसाळ्यात तो शोधावा लागत नाही. भर उन्हात मात्र तो सहसा नसतो, आणि सपाट, पालापाचोळ्याने भरलेल्या जमिनीवरही कमीच दिसतो.

उभी दरडच का? याचं उत्तर नेच्याच्या आयुष्यक्रमात आहे. नेच्याला फूल नाही, बी नाही. पानाच्या मागून उडालेला बीजाणू ओल्या मातीवर पडला की त्यातून लगेच नेचा उगवत नाही. आधी उगवतो काही मिलिमीटरचा, हृदयाच्या आकाराचा, मातीला चिकटलेला हिरवा पापुद्रा. हा पापुद्रा हे स्वतंत्र रोपच असतं. त्याच्या खालच्या अंगाला नर आणि मादी अवयव असतात. पाण्याच्या पातळ थरातून पोहत नरपेशी मादीपेशीपर्यंत पोचते आणि त्या मीलनातून आपल्या ओळखीचं, देठ-पानांचं रोप वर येतं. एवढासा पापुद्रा पडलेल्या एका पानाखालीही गुदमरून जाईल. उभ्या दरडीवर पाचोळा साचत नाही, माती उघडी राहते, वरून पाणी झिरपत असतं आणि सावली असते. रस्ता कापणाऱ्यांनी नकळत नेच्यांसाठी वाफे तयार करून ठेवलेत, असं म्हणायला हरकत नाही. जूनअखेरीस अशा दरडीवर भिंग घेऊन बसलं तर शेवाळात हे पापुद्रे दिसतातही. फक्त ते हंसराजाचे की दुसऱ्या कुणाचे, हे त्या वयात नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

आता रोप. त्याचं खोड जमिनीत असतं, आखूड आणि उभं, तपकिरी खवल्यांनी झाकलेलं. त्याच्या टोकातून पानं झुपक्याने निघतात. कोवळं पान इतर नेच्यांसारखंच टोकाकडून आत गुंडाळलेलं असतं आणि उलगडताना पुष्कळदा गुलाबी झाक दाखवतं. पूर्ण वाढलेलं पान वीतभर ते हातभर लांब. देठ काळा किंवा गडद तांबूस-काळा, गुळगुळीत, चकाकणारा. हे ‘गुळगुळीत’ लक्षात ठेवावं. अगदी तळाशी दोन-चार खवले सोडले तर हंसराजाच्या देठावर लव नसते. बोट फिरवून खात्री करता येते, आणि ही खात्री पुढे उपयोगी पडते.

देठाच्या दोन्ही बाजूंना, आलटून पालटून, आठ ते बारा जोड्या पर्णिका असतात. पर्णिका अर्धचंद्राच्या आकाराची: खालची कड जवळजवळ सरळ, वरची गोलाकार. दोन ते चार सेंटिमीटर रुंदी. प्रत्येक पर्णिकेला स्वतःचा काळा, नाजूक देठ असतो आणि तो चांगला लांब, सेंटिमीटरभर किंवा त्याहून थोडा जास्त असतो. म्हणूनच वारा नसतानाही हंसराजाची पानं थरथरतात. पर्णिकेला मधली शीर नाही. देठाच्या टोकापासून शिरा निघतात, दुभंगतात, पुन्हा दुभंगतात आणि पंख्यासारख्या कडेपर्यंत जातात. एकमेकींना कुठेही मिळत नाहीत. पान उजेडासमोर धरलं की हे स्वच्छ दिसतं. अ‍ॅडिअँटम या सगळ्या कुळीची आणखी एक खूण म्हणजे पाणी. पान पाण्यात बुडवलं तर पाण्याखाली ते चंदेरी दिसतं आणि बाहेर काढलं की कोरडंच. पावसात उभ्या असलेल्या हंसराजावर थेंब टिकत नाहीत, घरंगळतात.

इथवरच्या वर्णनावर जंगलात जाणारा माणूस तरीही अडखळतो, याचं कारण पानाची बाह्यरेषा भरवशाची नाही. छोट्या रोपाची पहिली पानं म्हणजे एका देठावर एकच पंख्यासारखी पर्णिका असते. ती पाहून हा दुसराच काही नेचा आहे असं वाटतं. पुढच्या पानांत तीन, मग पाच, अशा पर्णिका वाढत जातात. वांझ पर्णिकेची वरची कड हलकी लहरदार असते, तर बीजाणू धरणाऱ्या पर्णिकेची कड दोन-चार उथळ खंडांत विभागलेली. सावलीतलं रोप लांब, लोंबतं. उघड्यावरचं आखूड, ताठर. एकाच दरडीवर हे सगळे नमुने सापडतात. इंटरनेटवरच्या एका छायाचित्राशी जुळवाजुळव करून नेचे ओळखण्याची सवय मला म्हणूनच धोक्याची वाटते. ते छायाचित्र बहुतेक वेळा पानाच्या वरच्या बाजूचं असतं, आणि नेच्याची खरी कागदपत्रं मागच्या बाजूला असतात.

पान उलटं करा. श्रावण-भाद्रपदात पिकलेल्या पर्णिकेच्या वरच्या गोलाकार कडेलगत तपकिरी, लांबट, किंचित वाकलेल्या पट्ट्या दिसतील. एका पर्णिकेवर साधारण दोन ते सहा. पुष्कळांना ही कीड किंवा किड्याची अंडी वाटतात, आणि कुंडीतला नेचा असेल तर लोक औषधही फवारतात. या पट्ट्या म्हणजे पर्णिकेचीच कड आहे, खाली दुमडलेली. दुमडीच्या आतल्या बाजूला, म्हणजे दुमडलेल्या पदराच्याच पोटाला, बीजाणुधान्यांचे पुंजके चिकटलेले असतात. बहुतेक नेच्यांत पुंजका पानाच्या पाठीवर असतो आणि त्याच्यावर वेगळं पातळ आवरण येतं. अ‍ॅडिअँटममध्ये वेगळं आवरण नाहीच. कड दुमडून तीच आवरणाचं काम करते आणि बीजाणुधान्याही तिलाच लगडतात. ही रचना कुळीची पक्की मोहोर आहे. टाचणीच्या टोकाने ती दुमड हलकेच उलगडली आणि पुंजके तिच्यासोबत वर उचलले गेले, तर हातातला नेचा अ‍ॅडिअँटम आहे. पुंजके पानावरच राहिले, तर नाही.

पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडच्या ओल्या जंगलांत या परीक्षेचा चांगला उपयोग होतो. तिथे लिंडसेया कुळीचे लहान नेचे आहेत, त्यातल्या काहींच्या पर्णिकाही अशाच एका बाजूने कापल्यासारख्या. पुंजकेही कडेलगतच. पण लिंडसेयाचं आवरण बाहेरच्या, कडेच्या दिशेने उघडतं आणि अ‍ॅडिअँटमची दुमड आतल्या दिशेने. बिजागरी कुठल्या बाजूला आहे एवढं पाहिलं की प्रश्न मिटला.

कुळी ठरली, आता जात. हंसराजाचा सर्वांत जवळचा, त्याच्याच शेजारी राहणारा भाऊबंद म्हणजे अ‍ॅडिअँटम इन्सायझम. जुन्या पुस्तकांत तो कॉडेटम या नावाखाली सापडेल. तोही दरडीवर, त्याचंही पान एकदाच विभागलेलं, देठही काळसर. पण त्याच्या देठाला बोट लावा: लव लागते. देठ, मधली दांडी, पर्णिकेच्या दोन्ही बाजू, सगळीकडे केस. त्याच्या पर्णिकांना देठ जवळजवळ नाहीच, त्या दांडीला बिलगून दाटीने बसतात, संख्येने जास्त असतात आणि वरची कड खोलवर कातरलेली असते. पुंजके लहान लहान, प्रत्येक कातरलेल्या खंडाच्या टोकाशी. दोघं शेजारी ठेवले तर पोरही फरक सांगेल. एकेकटा भेटला की मोठी माणसं घोळ घालतात.

या दोघांत एक गोष्ट समान आहे आणि ती इतकी विलक्षण आहे की पुष्कळदा तीच ओळख म्हणून सांगितली जाते. पानाची मधली दांडी टोकाशी पर्णिका काढायचं थांबवते आणि नुसतीच, उघडी, लांब वाढत जाते. वजनाने वाकते. तिचं टोक मातीला लागलं की तिथे मुळं फुटतात आणि नवं रोप उभं राहतं. ते मोठं झालं की त्याचीही पानं तशीच वाकतात. अशा रीतीने एक रोप वर्षागणिक दरडभर पसरत जातं. इंग्रजीत याला चालणारा नेचा म्हणतात ते यावरून. एका दरडीवर दाटीने वाढलेला हंसराजाचा ताटवा म्हणजे पुष्कळदा एकाच रोपाच्या नकला असतात. मात्र प्रत्येक पानाला असं शेपूट असेलच असं नाही. कित्येक पानं नेहमीसारखी एका पंख्याच्या पर्णिकेवर संपतात. तेव्हा शेपूट दिसलं तर हंसराज किंवा इन्सायझम यापैकी एक. दिसलं नाही तर त्यावरून काहीच ठरवू नये.

तिसरा भाऊ राहतो पाण्याच्या धारेला. अ‍ॅडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस. जगभर पसरलेला, युनानी वैद्यकात परसियावशान म्हणून प्रसिद्ध असलेला हाच. जुन्या दगडी विहिरींच्या आतल्या भिंती, झिरपणाऱ्या कपारी, धबधब्यामागचे ओले खडक, चुन्याच्या दरजा असलेली कुंडं ही त्याची घरं. पाणी बारमाही असेल तिथे तो उन्हाळ्यातही हिरवा असतो. हंसराजाशी त्याची गल्लत नावामुळे होते, रूपामुळे होऊ नये. त्याचं पान दोनदा, क्वचित तीनदा विभागलेलं असतं, म्हणजे दांडीला उपदांड्या आणि उपदांड्यांना पर्णिका. पर्णिका पाचरीसारख्या, देठाकडे निमुळत्या. खोड आखूड उभं नसून दगडाच्या फटीतून आडवं सरकणारं. आणि टोकाला मुळं फुटणं त्याला ठाऊक नाही.

शहरी वाचकाला मात्र यांच्यापैकी कुणीच आधी भेटणार नाही. रोपवाटिकेत जो नाजूक, झुबकेदार नेचा कुंडीत विकतात तो बहुधा अ‍ॅडिअँटम रॅडिअ‍ॅनम, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो कॅपिलस-व्हेनेरिससारखा दिसतो आणि बागेतून निसटून ओल्या भिंतींवरही बसतो. या दोघांना वेगळं करण्याची युक्ती नेचे पाहणाऱ्यांमध्ये फार आवडती आहे. वांझ पर्णिका घ्यायची, भिंगातून कड पाहायची. कडेला बारीक दाते असतात. शिरा दात्याच्या टोकात जाऊन संपत असेल तर देशी कॅपिलस-व्हेनेरिस. दोन दात्यांमधल्या खाचेत संपत असेल तर परदेशी रॅडिअ‍ॅनम. पुंजक्यांवरूनही कळतं, रॅडिअ‍ॅनमची दुमड गोलसर मूत्रपिंडासारखी आणि दुसऱ्याची लांबट. पण शिरेची परीक्षा जास्त खात्रीची आणि, खरं सांगायचं तर, जास्त मजेची. ती करायला दहापट मोठं दाखवणारं साधं घडीचं भिंग पुरतं.

दरडीवरच्या बाकी शेजाऱ्यांचा थोडक्यात परिचय. पानामागे पांढरी भुकटी असेल तर तो चांदीचा नेचा. पान तळहाताच्या मागच्या बाजूवर दाबून त्याचा पांढरा छाप उमटवण्याचा खेळ डोंगरातली मुलं खेळतात. जुनी पुस्तकं त्याला चायलँथिस फॅरिनोसा म्हणतात. आता भारतातल्या त्या सगळ्या चंदेरी नेच्यांचे अ‍ॅल्युरिटॉप्टेरिस या कुळीत अनेक जातींत तुकडे पडले आहेत, आणि ते वेगळे करायला देठावरच्या खवल्यांचा रंग पाहावा लागतो. गडांच्या कोरड्या तटबंदीच्या फटीत बोटभर उंचीचा, लहानग्या ताडासारखा दिसणारा नेचा म्हणजे मोरशिखा, अ‍ॅक्टिनिऑप्टेरिस. तो सुकून गुंडाळतो आणि पाऊस आला की पुन्हा उलगडतो. जमिनीवर पसरलेली, खवल्यांच्या चार रांगा असलेली बारीक नक्षीदार वनस्पती सेलाजिनेला आहे, नेचा नव्हे. फुलवाल्याच्या गुच्छातला ‘फर्न’ तर शतावरीच्या कुळातला, त्याला फुलंही येतात.

हंसराजाच्या औषधीपणाबद्दल विचारलं जातंच. चरकसंहितेत कंठाला हितकर अशा दहा द्रव्यांचा जो गण सांगितला आहे त्यात हंसपदी आहे, आणि हंसपदी म्हणजे हाच अर्धचंद्री पर्णिकांचा नेचा, असं आजच्या औषधग्रंथांत मानलं जातं. ग्रंथातलं नाव आणि दरडीवरचं रोप यांच्यामध्ये शतकांचं अंतर आहे, आणि बाजारातल्या पुडीत काय असतं ते वर सांगितलंच. नेचा म्हटलं की निरुपद्रवी, हेही खरं नाही. सह्याद्रीच्या उंच, उघड्या उतारांवर वाढणाऱ्या ब्रॅकन नावाच्या मोठ्या नेच्यात कर्करोगाला कारण होणारं द्रव्य असतं आणि तो चरून गुरं आजारी पडतात. छायाचित्रावरून ओळखलेली पाला-मुळी तोंडात घालू नये. वैद्यांकडे जावं.

छायाचित्र काढायचंच तर त्यातून पुढे कुणाला तरी ओळख पटवता आली पाहिजे. नेचा दिसला की लोक एक सुंदर, वरून टिपलेलं, मागे धुकं असलेलं चित्र घेतात. त्याऐवजी, किंवा त्याच्याबरोबर म्हणू, पिकलेल्या पर्णिकेची मागची बाजू जवळून घ्यावी. मग देठाचा तळ, जिथे खवले आहेत. मग पानाचं टोक, आणि शेवटी पूर्ण रोप जागेसकट, म्हणजे माती, उतार, सावली कळेल. शेजारी पेन किंवा नाणं ठेवलं की मापही आलं. ही चार चित्रं असतील तर जाणकार माणूस घरबसल्या जात सांगू शकतो. रोप उपटण्याची गरज पडत नाही. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात तर परवानगीवाचून पानही तोडता येत नाही.

पुस्तकाची सोबत हवी असेल तर मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवरचं एक जुनं, अजूनही कामाचं पुस्तक आहे. सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवणारे स्विस जेझुइट एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी डि’अल्मेडा यांनी लिहिलेलं ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ १९२२ साली प्रसिद्ध झालं. त्याआधी १८८३ साली आलेली बेडमची भारतीय नेच्यांची पुस्तिका हाच आधार होता. बेडम लष्करातला माणूस, पुढे मद्रास इलाख्याच्या वनखात्यात गेला आणि नेच्यांच्या मागे लागला. दोन्ही पुस्तकांतली नावं आता बरीच बदलली आहेत. वर्णनं मात्र हाताशी रोप ठेवून वाचली तर आजही वाट दाखवतात, कारण ती पानाच्या मागच्या बाजूपासून सुरू होतात. झेवियर्समधल्या वनस्पतिसंग्रहालयाला ब्लॅटरचंच नाव आहे आणि तिथे वाळवून जपलेले नमुने अभ्यासकांना पाहता येतात.

दिवाळीनंतर हंसराज मिटू लागतो. इतर नेचे सुकले की पान एकसंध तपकिरी होऊन लोंबतं. हंसराजाचं तसं होत नाही, आणि पाऊस संपल्यावर रानात जाणाऱ्यासाठी ही एक नामी खूण आहे. पर्णिका आणि तिचा देठ यांच्यामध्ये सांधा असतो. पान वाळलं की पर्णिका त्या सांध्यावर तुटून गळते आणि काळे देठ दांडीवर तसेच राहतात. मार्गशीर्षात दरडीवर काळ्या, चकाकत्या काड्या आणि त्यांना दोन्ही बाजूंनी फुटलेल्या बारीक काळ्या उपकाड्या दिसल्या, हिरवं काहीही नसलं, तरी तिथे हंसराज आहे असं म्हणता येतं. इन्सायझमच्या पर्णिकांना मुळात देठच नसल्यात जमा, त्यामुळे त्याची काडी अशी काटेरी दिसत नाही. पुढे उन्हाळाभर खवल्यांत गुरफटलेलं आखूड खोड मातीत दबा धरून बसतं.

एक शेवटची परीक्षा आहे, तिला सूक्ष्मदर्शक लागतो, म्हणजे एखाद्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा. पिकू घातलेली पर्णिका रात्रभर कोऱ्या पांढऱ्या कागदावर, पाठ खाली करून, वर एखादं पुस्तक ठेवून झाकावी. सकाळी कागदावर भुकटीची रेघ उमटलेली असते. बीजाणुधानी हे सगळं कसं उडवते तेही पाहण्यासारखं. तिच्या कण्यावर जाड भिंतींच्या पेशींचं कडं असतं. त्या पेशींतलं पाणी उडत गेलं की कडं ताणलं जाऊन मागे वाकतं, धानी फाटते. ताण असह्य झाला की पेशींतल्या पाण्यात बुडबुडे फुटतात आणि कडं झटक्यात पूर्वस्थितीला येताना बीजाणू भिरकावले जातात. दिव्याच्या उष्णतेखाली ताजी पर्णिका ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर हा गोळीबार डोळ्यांसमोर चालतो.

पण परीक्षा आहे ती मोजणीची. न फुटलेली एक पिकली धानी काचपट्टीवर हलकेच फोडायची आणि आतले बीजाणू मोजायचे. अशा नेच्यांत नेहमीच्या लैंगिक पद्धतीने चालणाऱ्या रोपाच्या धानीत चौसष्ट बीजाणू असतात. बत्तीसच निघाले, आणि ते आकाराने मोठे असले, तर ते रोप मीलनाची पायरी गाळणारं असण्याची शक्यता मोठी. त्याच्या बीजाणूत गुणसूत्रांची संख्या निम्मी होतच नाही. मातीवर पापुद्रा उगवतो, पण नर-मादी पेशींची वाट न पाहता त्या पापुद्र्यातूनच थेट नवं रोप फुटतं. अ‍ॅडिअँटम कुळीत गुणसूत्रांचा मूळ संच तीसचा. हंसराजात साठ गुणसूत्रांची रोपं सापडतात, तशीच नव्वदचीही, म्हणजे तीन संचांची. तीन संच जोडीने वाटता येत नाहीत, त्यामुळे अशा रोपाला लैंगिक मार्ग बंद असतो आणि हा आडमार्गच त्याला तगवतो. त्याचा फायदाही आहे: नरपेशीला पोहायला पाण्याचा थर हवा ही अट सुटते, आणि पावसाने आठवडाभर दडी मारली तरी पुढची पिढी अडत नाही.

साठवाला आणि नव्वदवाला हंसराज बाहेरून वेगळे ओळखता येत नाहीत. देठ तेच, दुमड तीच, शेपूटही तेच. त्यांना एक जात म्हणायचं की समूह, यावर अभ्यासकांची चर्चा चालू आहे, आणि तिला माल पुरवायचा तर वेगवेगळ्या घाटांतल्या, वेगवेगळ्या उंचीवरच्या दरडींवरून धान्या फोडून बीजाणू मोजायला हवेत. वनस्पतिशास्त्राच्या पदवीवर्गाला एका पावसाळ्यात सहज झेपेल असं हे काम आहे: भाद्रपदात पर्णिका गोळा करायच्या, ठिकाण आणि उंची लिहायची, आणि प्रत्येक रोपाच्या निदान दहा धान्या मोजायच्या, कारण काही धान्यांत बीजाणू नीट भरलेलेच नसतात.